चैत्यभूमी आणि शेजारचा समुद्रकिनारा : जाण्यापूर्वी थोडेसे



दिवाळी संपली की आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक वही उघडली जाते. ६ डिसेंबरला मुंबईस कोण कोण येणार, त्यांची नावे त्या वहीत लिहिली जातात. म्हातारी माणसे आपली नावे सर्वांत आधी देतात. तरुण मंडळी शेवटच्या आठवड्यात येतात आणि जागा नाही म्हटले की रुसतात. ही वही सांभाळण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. बँकेत दिवसभर खातेवह्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी ही वही, असा आमचा क्रम आहे. या कामातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपण चैत्यभूमीवर श्रद्धेने जातो, परंतु तेथे काय आहे, ते तेथेच का आहे आणि शेजारच्या किनाऱ्यावर कसे वागावे, याची माहिती आपण मुलांना फारशी देत नाही. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ती जागा तेथेच का?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी झाले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, त्याला जेमतेम पावणेदोन महिने झाले होते. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणून दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ येथे ठेवण्यात आले. राजगृह ही वास्तू बाबासाहेबांनी मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी बांधली, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. ७ डिसेंबरला तेथून अंत्ययात्रा निघाली आणि सायंकाळी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावरील स्मशानभूमीजवळ पोहोचली. भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने अंत्यविधी झाला. मुंबईत डिसेंबरमध्ये धम्मदीक्षेचा कार्यक्रम घ्यावा, असा बाबासाहेबांचा विचार होता. तो अपुरा राहू नये म्हणून त्याच जागी लाखाहून अधिक लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणून चैत्यभूमी हे केवळ दहनस्थान नाही. दुःखात बुडालेल्या लोकांनी एक निर्धार केला, त्याचीही ती जागा आहे.

तिच्या शेजारी जी स्मशानभूमी आहे, तिला दानशूर भागोजी कीर यांचे नाव आहे. रत्नागिरीच्या या भंडारी समाजातील गृहस्थांनी कष्टाने संपत्ती मिळवली आणि समाजासाठी खर्च केली. सर्व हिंदूंसाठी खुले असलेले रत्नागिरीचे पतितपावन मंदिरही त्यांनीच बांधून दिले. ही स्मशानभूमी आजही वापरात आहे. आपण जयघोष करीत जात असताना शेजारी एखादे कुटुंब आपल्या माणसाला निरोप देत असते. तेवढ्या अंतरात आवाज खाली आणणे हे बुद्धाच्या अनुयायांना शोभेल.

वास्तू कशी पाहावी?

‘चैत्य’ हा शब्द ‘चिता’ आणि ‘चिति’, म्हणजे रचणे, या शब्दांशी नाते सांगतो. चितेच्या जागी किंवा अस्थींवर रचलेली स्मरणवास्तू म्हणजे चैत्य. ही परंपरा आपल्या मुलखाला नवी नाही. कार्ले, भाजे आणि मुंबईतीलच कान्हेरी येथे डोंगर कोरून केलेली चैत्यगृहे आहेत. नालासोपारा, म्हणजे जुने सोपारा बंदर, येथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तेथे सापडले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याच अरबी समुद्राच्या काठी बौद्ध उपासक आणि भिक्खू वावरत होते. दादरच्या वाळूवर धम्म परत आला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आजची चैत्यभूमीची वास्तू भैय्यासाहेब तथा यशवंतराव आंबेडकर यांच्या पुढाकाराने आणि जनतेच्या वर्गणीतून उभी राहिली. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई यशवंतराव आंबेडकर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. चौकोनी बांधणी आणि वर लहानसा घुमट, असे तिचे साधे रूप आहे. आत बाबासाहेबांचा अर्धपुतळा व तथागत बुद्धांची मूर्ती आहे. प्रथमच आलेली माणसे पुष्कळदा म्हणतात, “एवढीशीच आहे होय?” होय, एवढीशीच आहे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्या खिशात काय होते, हे आठवले म्हणजे ती लहान वाटत नाही.

प्रवेशद्वार सांचीच्या तोरणासारखे आहे. दोन उंच खांब आणि त्यांवर तीन आडव्या कमानीवजा पट्ट्या, ही सांची तोरणाची खूण. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सांचीच्या मूळ शिल्पांत बुद्ध मनुष्यरूपात कोरलेला नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाउले अशा खुणांनी तो दाखवला आहे. आवारात अशोकस्तंभाची प्रतिकृतीही आहे. सारनाथच्या स्तंभावरील सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० पासून आपल्या प्रजासत्ताकाची राजमुद्रा झाले आणि त्यातील धम्मचक्राचे २४ आरे राष्ट्रध्वजावर आहेत. खिशातील नोट काढून मुलांना तो सिंह दाखवावा. आम्ही रोज नोटा मोजतो, तरी आमच्या मुलीने विचारीपर्यंत आम्हांला तो नीट दिसला नव्हता.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली चैत्यभूमीस ‘अ’ वर्ग पर्यटन व तीर्थस्थळाचा दर्जा दिला. दक्षिणेकडे जवळच असलेल्या इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवर भव्य स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. चैत्यभूमीच्या बाजूला पावसाचे पाणी समुद्रात सोडणारे मोठे पातमुख आहे. त्यावर महानगरपालिकेने समुद्र पाहण्यासाठी सज्जा बांधला. तो २०२२ साली खुला झाला आणि त्याला माता रमाबाई आंबेडकर यांचे नाव दिले गेले. ज्या माउलीने आयुष्यभर काटकसर केली, तिच्या नावाच्या जागी बसायला तिकीट नाही, हे योग्यच झाले.

आमच्याकडून घडलेली एक चूक

आता किनाऱ्याविषयी. येथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. तो आमच्या कमीपणाचा आहे, तरी सांगतो.

६ डिसेंबर २०१४ ची गोष्ट. त्या वर्षी आपल्या संस्थेचे साठ-पासष्ट लोक गेले होते. रात्रभराचा प्रवास, मग रांग, मग वंदना. सकाळी दर्शन झाल्यावर ग्रंथालयासाठी पुस्तके घेतली. शिवाजी पार्कवर त्या दिवशी पुस्तकांचे केवढे बाजार भरतात, हे सभासदांना माहीत आहेच. सभासदांच्या वर्गणीचे पैसे आमच्याजवळ होते. त्यांतून चौदा पुस्तके घेतली आणि पिशवी नववीत शिकणाऱ्या एका मुलाकडे दिली. मुलगा हुशार, वाचनाची आवड असलेला. “जरा किनारा बघून येतो,” असे सांगून तो आणखी तीन मुलांबरोबर वाळूवर गेला. तेव्हा पाणी बरेच आत होते. मुलांनी पिशवी आणि चपला ओल्या वाळूच्या कडेला ठेवल्या आणि पाण्याकडे धावली. समुद्र त्याने त्या दिवशी प्रथमच पाहिला होता.

तासा-दीड तासाने आम्ही शोधत गेलो, तेव्हा मुले पायांकडे बघत उभी होती. पिशवी पाण्याने नेली होती. चार पुस्तके हाती लागली, तीही फुगलेली. दहा गेली. आम्ही त्या मुलाला सर्वांदेखत वाटेल तसे बोललो. लोकांच्या पैशाची किंमत नाही, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधले आणि तुला एक पिशवी सांभाळता येत नाही, असे काहीबाही बोलून गेलो. तो रडला नाही. नुसता ऐकत राहिला.

जवळच एक वृद्ध कोळीबाबा दोर गुंडाळीत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “आज पुनव हाय दादा, पानी वर येनारच. पोरांना कुनी सांगितलं व्हतं का?”

कोणीही सांगितले नव्हते. आम्हालाही ठाऊक नव्हते. पदवीपर्यंत शिकलो, भरती-ओहोटीचे धडे परीक्षेपुरते पाठ केले, पण त्या दिवशी पौर्णिमा आहे आणि दुपारच्या सुमारास पाणी भिंतीकडे येणार, हे आमच्या डोक्यात आले नाही. दोष मुलाचा कमी आणि आमचा अधिक होता. तो मुलगा पुढे दोन-अडीच महिने ग्रंथालयात फिरकला नाही. शेवटी आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईसमोर आपली चूक कबूल केली आणि त्याला बरोबर घेऊन आलो. दहा पुस्तकांची किंमत आम्ही भरली. परंतु दहा पुस्तके गेली त्यापेक्षा एक वाचक जाणार होता, ते नुकसान मोठे होते.

भरती-ओहोटीचे साधे गणित

त्या कोळीबाबांनी आम्हाला जो हिशेब सांगितला, तो कोकणकिनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शुद्ध किंवा वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे अकरा ते बाराच्या दरम्यान. हे वेळापत्रक दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लागू पडते. साधारण सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी लागून पाणी तळाला जाते आणि दुसरी भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब अंदाजाचा आहे. नेमक्या वेळा वर्तमानपत्रात आणि हवामानाच्या माहितीत मिळतात.

कारणही समजून घ्यावे. भरती-ओहोटी ही चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणामुळे होते. पौर्णिमा व अमावास्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांचे आकर्षण एकत्र झाल्याने पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती आकर्षणे एकमेकांशी काटकोनात असतात, तेव्हा चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती. म्हणजे ज्या दिवशी ओहोटीला वाळू सर्वांत लांबवर उघडी पडते आणि मुलांना पुढे पुढे जावेसे वाटते, त्याच दिवशी पाणी सर्वांत वर येते. धम्म आपल्याला कार्यकारणभाव शिकवतो. समुद्राकडेही नवस-सायासाने नव्हे, तर कार्यकारणभावाने पाहावे.

‘सार्वजनिक’ या शब्दाचे मोल

आमच्या कचेरीतील एक सहकारी दरवर्षी डिसेंबर लागला की म्हणत, “आता दादरला जायची सोय नाही, तुमची गर्दी येणार.” आम्ही पुष्कळ वर्षे हसून सोडून दिले. एकदा मात्र उत्तर दिले. त्यांना म्हटले, “साहेब, तुम्ही एकदा आमच्याबरोबर चला.” ते आले. रात्रभर रांगेत शांतपणे उभी असलेली खेड्यापाड्यांतील माणसे, पाठीवर पिशवी आणि पिशवीत भाकरीबरोबर पुस्तक, हे त्यांनी पाहिले. परतताना त्यांनी स्वतःसाठी संविधानाची एक प्रत घेतली. पुढे ते तसे कधी बोलले नाहीत. तथापि, किनाऱ्यावर पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि द्रोणही त्यांनी पाहिले. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, पण आम्हाला त्यांच्याकडे पाहवेना.

हा कचरा फक्त आपला नसतो. वर्षभर नाले आणि भरती मिळून तेथे शहरभराचा कचरा टाकीत असतात, आणि तो किनारा सर्वांचाच आहे. तरीही आपण वेगळा विचार करावा, असे आम्हाला वाटते. ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या बापजाद्यांना फुकट मिळालेला नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा ठराव सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात संमत करून घेतला. दादरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात कोणालाही अडवता येणार नाही, हे लिहिले गेले.

दादरच्या चौपाटीवर आपण कोणाला न विचारता पाय ठेवतो, तो या सगळ्यानंतर. जी गोष्ट एवढ्या किमतीला मिळाली, ती आपण घाण करावी काय? हा प्रश्न आम्ही इतरांना नव्हे, स्वतःला विचारीत आहोत.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१) दादर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून रानडे रोडने शिवाजी पार्ककडे चालावे. स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, म्हणजे पूर्वीचा कॅडल रोड, ओलांडला की चैत्यभूमी. एरवी अर्ध्या तासाच्या आतबाहेरची वाट आहे. ६ डिसेंबरला मात्र पोलीस व समता सैनिक दल सांगतील त्याच मार्गाने जावे.

२) लहान मुले व वृद्ध यांच्या खिशात नाव, गाव आणि बरोबरच्या दोन माणसांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. भ्रमणध्वनीवर विसंबू नये. गर्दीत तो लागत नाही.

३) शिवाजी पार्कवर महानगरपालिकेतर्फे मंडप, पिण्याचे पाणी, शौचालये व वैद्यकीय मदत असते. २०१७ साली ओखी वादळामुळे ऐन ५ डिसेंबरला पाऊस झाला, तेव्हा लोकांची सोय पालिकेच्या शाळांत करावी लागली. म्हणून डिसेंबर असला तरी अंगावर घ्यायला प्लॅस्टिकचा कागद असावा, आणि तो परत आणावा.

४) निघण्यापूर्वी तिथी पाहावी आणि भरतीची वेळ सर्वांना मोठ्याने सांगावी. पाण्यात पोहण्यास जाऊ नये. सामान भिंतीजवळ, कोरड्या जागी, कोणीतरी बसून सांभाळावे.

५) प्रत्येक दहा माणसांमागे एक रिकामी गोणी न्यावी. आपला कचरा तर त्यात भरावाच, शिवाय शेजारचा थोडा भरला तर बिघडत नाही.

६) हार-फुले आणि मेणबत्त्यांवर जेवढे खर्च करू, तेवढ्याच पैशांचे निदान एक पुस्तक घ्यावे.

आणखी एकदा जावे

शेवटी एक विनंती. २०२० साली महामारीमुळे सर्वांनी घरूनच अभिवादन केले. तेव्हा अनेकांना चुकल्यासारखे झाले. परंतु त्यातून आम्हाला एक सुचले. ६ डिसेंबरला रात्रभर रांगेत उभे राहून पुतळ्यासमोर काही क्षणच मिळतात. तो दिवस कृतज्ञतेचा आहे, आणि तो तसाच राहावा. पण विद्यार्थ्यांसाठी वर्षातून आणखी एक दिवस ठेवावा. जानेवारी-फेब्रुवारीतील एखाद्या रविवारी तेथे निवांत जाता येते. तोरण पाहता येते, त्रिशरण-पंचशील सावकाश म्हणता येते, सज्ज्यावर बसून महाड ते संविधान हा प्रवास मुलांना सांगता येतो. काही ज्येष्ठ सभासदांना वाटते की यामुळे ६ डिसेंबरचे महत्त्व कमी होईल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या घरी आपण पुन्हा पुन्हा जातो, तेच घर आपले असते.

त्या मुलाविषयी राहिले. तो पुढे शिकला, आणि आता आपल्याच सहलीला मदतीला येतो. गाडी दादरला लागण्यापूर्वी तो डब्यातून फिरतो आणि प्रत्येकाला तिथी व भरतीची वेळ सांगतो. पुस्तकांची पिशवी मात्र तो अजून कोणाच्या हाती देत नाही.

जयभीम!